नमुन्याचे सहा ठोकळे

नागपूर,
११ फेब्रुवारी १९७३

प्रिय अन्सार,

सलाम. सातवीला माझ्या पाटीवरून गणितं उतरवून तू पास झालास, हे तू विसरला असशील. मी नाही विसरलो. आज त्याची भरपाई मागतो आहे.

मायचं पत्र आलं. आपल्या सावरटेकला शाळेच्या दोन खोल्या बांधून होत आल्या आणि स्लॅब मालेगावचा अन्सार मिस्त्री टाकणार, असं तिने मास्तरांकडून लिहवलं आहे. वाचून मला फार बरं वाटलं. आपण लिंबाखाली बसून शिकलो, आता तिथली पोरं तुझ्या छपराखाली बसतील.

इथे कॉलेजच्या काँक्रीट प्रयोगशाळेत मी सहायक आहे, पण काम जूनपर्यंतचंच. साहेबांनी मला एक अभ्यास दिला आहे. या दुष्काळात पाण्याची बोंब असताना जी बांधकामं चालली आहेत, त्यांचं काँक्रीट किती टिकेल ते पाहायचं. वीस गावांतून काँक्रीटचे ठोकळे येतील आणि आम्ही ते यंत्रात दाबून फोडू. किती वजनाला फुटले ते पाहायचं. शितावरून भाताची परीक्षा, दुसरं काही नाही.

सहा लोखंडी साचे एस.टी.ने पाठवतो आहे. स्लॅब टाकशील त्याच दिवशी ते भर आणि अठ्ठावीस दिवसांनी नमुना इकडे पाठव. स्लॅबला किती दिवस पाणी मारलं ते सोबतच्या कागदावर लिही. नमुना चांगला आला तर माझी नोकरी पक्की होईल. तेव्हा ही माझीच परीक्षा आहे असं समज.

भाभींना सलाम सांग.

तुझा,
देवमन


मालेगाव (जहागीर),
२८ मार्च १९७३

देवमन,

जय भीम आणि सलाम, दोन्ही घे.

ठोकळे आजच्या गाडीला चढवले. बारदान्यात गुंडाळले, मध्ये भुसा भरला. कंडक्टर म्हणे, "काय हाय बे याच्यात? दगडं?" मी म्हणालो, "पाव्हणे हायेत नागपूरचे. अल्लद ठेव." तो माझ्याकडे पाहतच राहिला. खुळा समजला असेल.

आमच्या घरात महिनाभर याच ठोकळ्यांची चर्चा होती. हुस्नाबानो म्हणते, "लेकराइले इतकं जपलं नाही तुमी." खरं सांगू का, तू परीक्षा म्हणालास आणि माझी झोप उडाली. सातवीतला तो गणिताचा पेपर आठवला. तुझ्या पाटीकडे मान वळवताना मास्तरांची छडी दिसायची, आणि तू पाटी माझ्याकडे तिरपी करायचास. तेव्हा या वेळी मी काही कमी पडू दिलं नाही.

स्लॅब चांगला पडला. सव्वीस फेब्रुवारीला सकाळी सहाला सुरू केला, दिवस मावळायच्या आत संपवला. वर मातीच्या पाळी घालून पाणी कोंडलं. कागदावर सात दिवस लिहिले आहेत. इथे पाण्याचं जास्त विचारू नकोस. किन्हीराजा गावाहून बैलगाडीवर टाकी येते, तिच्यावर अर्धं गाव तुटून पडतं.

गणिताचं माझं फिटलं.

तुझा,
अन्सार


नागपूर,
१६ एप्रिल १९७३

प्रिय अन्सार,

तू बाजी मारलीस! सहाही ठोकळे काल फोडले. दीडशे किलोला टिकले तरी पास, आणि तुझे दोनशे बाराला फुटले. एक तर दोनशे अठराला. यंत्राजवळचा लालसिंग म्हणे, "ये किस उस्ताद का माल है?" मी छाती पुढे काढून सांगितलं, आमच्या मालेगावचा मिस्त्री आहे.

साहेब तर चकित झाले. स्लॅबला चौदा दिवस पाणी हवं असं पुस्तक सांगतं, आणि तू सात दिवसांत हा माल दिलास. फक्त सात दिवस पाणी मिळालेली आमच्या वीस गावांत तीनच गावं आहेत. दोन काठावर पास झाली होती, पण तुझ्यामुळे तिघांची सरासरी वर गेली. साहेब म्हणतात, टंचाईच्या भागासाठी यातून काही नवं सांगता येईल.

एक काम कर. मायच्या दोन्ही हातांना भेगा पडल्या आहेत, रक्त येतं असं मास्तरांनी लिहिलं आहे. उन्हाने झालं म्हणते. मालेगावच्या दवाखान्यातून मलम घेऊन तिला पोचतं कर. उन्हाने हातांनाच कशा भेगा पडल्या, कोण जाणे.

तुझा,
देवमन


मालेगाव,
५ मे १९७३

देवमन,

मलम दिलं, लावूनही दिलं. तुझी माय मला अजून "अन्सऱ्या" म्हणते आणि भाकर खाल्ल्याशिवाय उठू देत नाही. हात आता बरे आहेत. ऊनच तसं आहे बाबा.

दोनशे बारा! मी हा आकडा आमच्या साऱ्या मोहल्ल्यात सांगितला. कोणाला काही कळलं नाही, पण खूश सगळे झाले. हुस्नाबानो म्हणते, "आमच्याच रांजनाचं पानी पिऊन पास झाले, त्याइले काय धाड भरली व्हती!" तिला मिठाई पाहिजे. पाठव.

अन्सार


नागपूर,
२० जानेवारी १९७४

प्रिय अन्सार,

इतके महिने पत्र नाही म्हणून रागावू नकोस. बातमीच घेऊन आलो आहे. मी कायम झालो!

सोबतचं छापील पत्रक पाहा. साहेबांचं नाव वर आहे आणि खाली बारीक अक्षरात माझं. पाचवी ओळ वाच: "पाण्याची टंचाई असलेल्या भागात स्लॅबला चौदाऐवजी सात दिवस पाणी दिले तरी पुरेसे बळ येते." ही ओळ तुझ्या ठोकळ्यांवर उभी आहे. पत्रक आपल्या भागातल्या बांधकामवाल्यांकडे गेलं आहे. या उन्हाळ्यात त्याप्रमाणे कामं होतील, किती पाणी वाचेल बघ.

मायला वाचून दाखव. आणि मिठाईचे पैसे भाभींच्या हातातच दे, तू खाऊन टाकशील.

तुझा,
देवमन


मालेगाव,
५ जुलै १९७४

देवमन,

तुला विचारावं की नाही, आठ दिवस विचार करत होतो.

सावरटेकच्या शाळेचा स्लॅब गळतो आहे. नुसता गळता तर मी काही बोललो नसतो, पावसाळा लागताना कोणता गळत नाही? काल वर चढून हातोडी मारून पाहिली. ठणठण वाजायला पाहिजे, तर भदभद वाजतो. नखाने खरवडलं की रेती निघते. खाली तिसरीच्या वर्गात सळईच्या रेषेत लांब तडा गेला आहे आणि त्यातून गंजाचं पाणी भिंतीवर उतरलं आहे.

मी हेडमास्तरांना म्हणालो, मला हे ठीक दिसत नाही. त्यांनी कपाटातून तुझं पत्रक काढलं. म्हणाले, "मिस्त्री, तुमचा माल तं नागपूरले पास झाला हाय. कायले भेव दाखवून राह्यले?" मीच तो आकडा त्यांना सांगितला होता.

तूच सांग. ठोकळे पास म्हणजे स्लॅब पास, असंच ना? मग माझ्या हातोडीलाच काही झालं असेल. पत्र मिळताच उत्तर दे. तिथे साठ पोरं बसतात.

अन्सार


नागपूर,
१० जुलै १९७४

अन्सार,

हे पत्र मिळेल त्या क्षणी पोरांना बाहेर काढ. हेडमास्तर काही म्हणोत, पत्रक काही म्हणो. तुझी हातोडी खरी आहे.

तुझी जुनी पत्रं काल परत काढली. भाभींचं ते वाक्य मी मागच्या वर्षी मे महिन्यात हसून सोडून दिलं होतं: "आमच्याच रांजनाचं पानी पिऊन पास झाले." ठोकळे तुझ्या घरी होते का? किती दिवस? त्यांना काय काय केलंस? काही लपवू नकोस. मी हात जोडतो.

देवमन


मालेगाव,
१८ जुलै १९७४

देवमन,

पोरं बाहेर आहेत. कशी काढली ते आधी सांगतो.

हेडमास्तर ऐकेनात. वरून लेखी आल्याशिवाय वर्ग बंद करता येत नाही म्हणाले. मग रविवारी पहाटे विटा, घमेलं आणि थापी घेऊन मी एकटा गेलो आणि दोन्ही खोल्यांच्या दारांत भिंत घातली. नऊ इंची, चुना-मातीत, वरपर्यंत. सोमवारी पोरं आली तर दारच नाही. मास्तर ओरडले, सरपंचाने माझ्या नावाने तक्रार दिली. पोरं मात्र लिंबाखाली जाऊन बसली. मी आजवर पुष्कळ भिंती बांधल्या, पण इतक्या घाईने कधी नाही.

आता ठोकळ्यांचं ऐक.

तू नमुना मागितलास. देवमन, मी मालेगावच्या बाजारात वाढलो. माझा बाप अडत्याकडे हमाल होता. नमुना म्हणजे काय ते मला तेव्हापासून ठाऊक आहे. पोत्याच्या तोंडाशी जो मूठभर दाणा दाखवतात तो नमुना. तो निवडलेला असतो. वाईट नमुना कोणी दाखवतो का? वर तू लिहिलंस, नमुना चांगला आला तर नोकरी पक्की. मला वाटलं, मित्राने पाटी तिरपी करायला सांगितली आहे.

म्हणून तुझ्या ठोकळ्यांसाठी रेती दोनदा चाळली, धुतली. सिमेंट हात सैल सोडून घातलं. साचे सुटले तसे सहाही घरी आणले आणि अंगणातल्या मोठ्या रांजणात बुडवून ठेवले. हुस्नाबानो दोन कोसांवरून पाणी आणायची. आम्ही अंघोळी सोडल्या, पण रांजणात पाणी कमी पडू दिलं नाही.

तू शीत मागितलंस आणि मी ते वेगळ्या चुलीवर शिजवून पाठवलं. आता कळतं आहे. तेव्हा खरंच नव्हतं कळलं.

अन्सार


नागपूर,
२४ जुलै १९७४

अन्सार,

पत्र वाचलं. नमुना म्हणजे जसं आहे तसं! स्लॅबला जे मिळालं तेच ठोकळ्याला, उन्हात तो तर उन्हात हाही. एवढं साधं तुला कळू नये? वीस वर्षं थापी धरली आहेस ना?

तुला एका शाळेचं पडलं आहे. माझ्यासमोर ते पत्रक आहे. ते वाचून या उन्हाळ्यात चौदा ठिकाणी स्लॅब पडले आहेत, सगळे सात दिवसांच्या पाण्यावर. त्या सात दिवसांचं मला आता खरं सांग. सावरटेकच्या स्लॅबला सात दिवस तरी पाणी होतं का? तू सांगतोस तसा भदभद आवाज सात दिवसांच्या स्लॅबचा येत नाही. तेही खोटं असेल तर मिस्त्री म्हणवून घेऊ नकोस आणि मला मित्र म्हणून पत्र लिहू नकोस.

देवमन


मालेगाव,
२२ सप्टेंबर १९७४

देवमन,

दोन महिने उत्तर दिलं नाही. तू लिहू नकोस म्हणालास म्हणून नाही. जे लिहायचं ते हातून उतरत नव्हतं.

आधी पार्सलचं. बारदान्यात स्लॅबचा तुकडा आहे. सावरटेकच्या शाळेवर चढून, सळई सोडून, मीच छिन्नीने काढला. छिन्नी लावली तर शेजारचा ताटाएवढा थर आपोआप खाली गेला. तिसरीच्या वर्गात, खिडकीजवळ. तिथे देवला नावाची मुलगी बसायची, असं मास्तर म्हणाले. तेव्हापासून तेही माझ्याशी नीट बोलतात. तुकड्यावर खिळ्याने माझं नाव कोरलं आहे. याला न्हाऊ घातलं नाही, पाणी पाजलं नाही. जसा आहे तसा आहे. फोड आणि जो आकडा येईल तो माझ्या नावापुढे लिही.

आता सात दिवसांचं. ते खोटं होतं. तीन दिवस पाणी होतं.

चौथ्या दिवशी सकाळी मी आलो तर स्लॅबवर बाया होत्या. शिडी लावून चढल्या होत्या आणि पाळीत कोंडलेलं पाणी वाटीवाटीने घागरीत भरत होत्या. तुमच्या वस्तीतल्या. तुमच्या वस्तीची विहीर आटली होती आणि वरच्या विहिरीवर त्यांचा नंबर सगळ्यांच्या शेवटी लागायचा, तोवर नुसता गाळ उरायचा. टाकीच्या गाडीवरही तेच. स्लॅबवरच्या पाण्याला मात्र नंबर नव्हता. ते कोणाच्याच मालकीचं नव्हतं.

मी ओरडायला तोंड उघडलं. सगळ्यांत पुढे तुझी माय होती. तिने घागर खाली ठेवली नाही, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अन्सऱ्या, शिडी धर बरं. पाय थरथरून राह्यला."

मी शिडी धरली. मी काय करायला पाहिजे होतं, ते तू सांग. आज दीड वर्ष विचार करतो आहे. पुढचे चार दिवस मी टाकीचं पाणी वर ओतलं, की तासाभरात त्या ते उतरवून नेत.

पाणी चुन्याचं होतं, ढोरांना आणि धुण्याला चालायचं. रात्रभर निवळून काही जणी पीतही असतील, मी विचारलं नाही. रोज हात त्याच पाण्यात. मायच्या भेगा उन्हाच्या नव्हत्या. तिने मला शपथ घातली होती: "देवमनले सांगू नोको. तो तिकडे सायबाच्या खुर्चीजवळ बसते. माय सिमिटाचं पानी भरते, हे त्याले कायले पाह्यजे?" म्हणून कागदावर सात लिहिले. पुढे त्या सातावर तू काय उभारशील, हे मला कसं कळणार?

ठोकळ्यांना पाजलं, माणसांना पाजलं. तो स्लॅब तेवढा तहानलेला राहिला.

लिहिलं ते सगळं खरं आहे. यापुढे तू म्हणशील तसं.

अन्सार


नागपूर,
२० ऑक्टोबर १९७४

प्रिय अन्सार,

तुकडा घासून चौकोनी केला आणि फोडला. चौऱ्याण्णव. दोनशे बाराच्या ठिकाणी चौऱ्याण्णव.

त्याच दिवशी माझ्या पहिल्या पत्राची कार्बन कॉपी काढून पाहिली. प्रयोगशाळेच्या सवयीने मी प्रत ठेवतो. स्लॅबला ठेवशील तसंच ठोकळ्यांना ठेव, हे वाक्य त्यात नाही. मी ते लिहिलंच नव्हतं. उलट, नमुना चांगला आला तर माझी नोकरी पक्की, हे मात्र मोठ्या अक्षरात लिहिलं आहे. जुलैत मी तुला जे बोललो, ते सगळं मी माझ्या अंगावर घेतो. मला लाज वाटते रे.

साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी तक्ता पुढे ओढून आकडे पुन्हा तपासले. मग म्हणाले, दुरुस्तीपत्रक काढू, चौदा दिवस पुन्हा लिहू, कारण द्यायची गरज नाही. मी तक्त्यात सावरटेकपुढे पाण्याचे दिवस तीन लिहिले, बळ चौऱ्याण्णव लिहिलं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: उरलेले पाणी माणसांनी नेले. साहेबांनी ती ओळ खोडली. म्हणाले, हे शास्त्र नाही. मी पुन्हा लिहिली. आता मला साचे मोजायच्या भांडारात बसवलं आहे. कायम नोकरी आहे, काढता येत नाही, म्हणून बसवलं.

गेल्या आठवड्यात एका दिवसासाठी सावरटेकला गेलो होतो. तू मंगरूळपीरला कामावर होतास, मालेगावला भाभी भेटल्या. मायचे हात पाहिले. भेगा बुजल्या आहेत, पण वण आहेत. मी रागातच गेलो होतो. का भरलंस ते पाणी, का लपवलंस, असं विचारायचं होतं. मग मी फक्त एवढंच सांगितलं, की स्लॅब त्या पाण्याने पक्का होत असतो. तिला ते माहीतच नव्हतं. तिला वाटत होतं, मिस्त्रीने वर हौद केला आहे. तिने शाळेकडे पाहिलं. तुझी भिंत अजून दारात आहे. मग म्हणाली, "ते पानी खालच्या लेकराइच्या डोक्यासाठी हाय, हे आमाले कोनी सांगतलंच नाही रे. सांगतलं असतं तं घागर रिकामी आनली असती म्या."

अन्सार, मी दीड वर्ष पाण्याचे दिवस मोजले, वजनं मोजली, सरासऱ्या काढल्या. तू वीस वर्षं स्लॅब टाकलेस. हे एक वाक्य आपल्या दोघांपैकी कोणी कोणाला सांगितलं नाही.

चौदा गावांची यादी सोबत आहे. सगळेच कच्चे असतील असं नाही, पण ठोकून पाहिल्याशिवाय मला झोप लागायची नाही. रजा टाकली आहे. पहिलं गाव मंगरूळपीरच्या वाटेवर आहे, येत्या रविवारी सकाळच्या गाडीने येतो. हातोडी तू आण, कान तुझा चांगला आहे. विटा-थापीही असू दे, कुठे दार बुजवावं लागलं तर. कागद मी आणतो.

पण कुठेही गेलो तरी आधी तिथल्या बायांशी बोलू. पाणी कुठून आणता, ते विचारू.

तुझा,
देवमन